हलला तर व्हय

कल्याणीला बेळगावला जायचं होतं आणि ते अजून आत्तींना सांगितलेलं नव्हतं. कानात घालायच्या त्या दोन पांढऱ्या बोंडांपायी रोज सकाळी तिचा जीव मेटाकुटीला यायचा, तो ह्या एका न सांगितलेल्या गोष्टीमुळं.

टिळकवाडीतल्या एका शाळेनं तिला शिक्षिका म्हणून घेतलं होतं. मागं माहेरी गेली तेव्हा हरिभाऊनं, तिच्या थोरल्या भावानं, नेऊन मुलाखत घडवून आणली होती. शाळा उघडायला अजून अवकाश होता, तोवर रोज सकाळी फोनवरून नव्या शिक्षकांचा वर्ग भरायचा. वर्ग आवाजाला लावून ऐकायची सोय नव्हती. निपाणीतलं ते घर केवढं! पुढं सोपा, मागं स्वयंपाकाची खोली, मधल्या भिंतीतून पलीकडची शिंकसुद्धा अलीकडं ऐकू यावी. सोप्यात आत्ती, म्हणजे तिची सासू मनुबाई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. तिच्या दोन्ही अंगाला शेजारच्या नागुबाई आणि मालुबाई. सहा हात टेंभुर्णीच्या पानांवर चाललेले, सहा कान मोकळे.

म्हणून नागेंद्रची ती बोंडं. कल्याणी त्यांना इअरबड म्हणायची, आत्ती बोंडं म्हणायची. कापसाचं बोंड उकलावं तशी ती डबी उकलायची आणि आत दोन गोजिरवाणे दाणे झोपलेले असायचे.

नागेंद्र तिचा नवरा. त्याचा छोटा टेम्पो होता, पहाटे निपाणीची भाजी भरून कोल्हापूरच्या बाजाराला न्यायचा. कोगनोळीचा, महाराष्ट्राच्या हद्दीवरचा नाका जवळ आला की रोज फोन. कानात बोंडं, हात स्टिअरिंगवर. “कल्याणे, झालो बघ मी परदेशी,” म्हणायचा, “चहात माझ्या वाटची साखर तू खा.” एका पहाटे डबी घरीच चार्जिंगला विसरून गेला. नाक्याच्या अलीकडं चाक बदलायला खाली उतरला, आणि मागून आलेल्या ट्रकला तो दिसला नाही. फोन टेम्पोत समोरच्या फळीवर होता, त्याला साधा चरासुद्धा गेला नाही. माणूस गेला. हे सुगीच्या दिवसांतलं. आता उन्हाळा लागला होता.

डबी उघडायची, बोंडं कानात घालायची. आत एक बाई गोड आवाजात “कनेक्टेड” म्हणायची. मग वर्गातल्या मॅडमचं एक वाक्य, फार तर दोन. आणि मग कानात विहिरीसारखी सामसूम. त्याच क्षणी फोनच्या पोटातून मॅडमचा आवाज भसाभसा घरभर.

“कल्याणी टीचर, आर यू देअर?”

कल्याणी फोन पोटाशी दाबायची, उशीखाली कोंबायची. भिंतीपलीकडून नागुबाई हाळी द्यायची, “कोण गं बोलाय लागली बाई?”

“जाहिरात हाय, मावशी!”

“जाहिरातीला तुझं नाव कसं ठावं गं?”

“हल्ली सगळ्यांचं सगळं ठावं असतंय त्यांस्नी,” मालुबाई म्हणायची. “माझ्या गुडघ्याचंबी ठावं हाय. रोज तेलाची जाहिरात येती.”

सोप्यात हसू फुटायचं. मनुबाईचं हसू मात्र त्यात नसायचं. ती पान कातरत राहायची.

कल्याणीनं नाही नाही ते करून पाहिलं. बोंडं डबीत घालून पुन्हा काढली. फोन बंद करून चालू केला. फोनच्या यादीतून त्यांचं नाव पुसलं, नव्यानं जोडलं. जाळीत मळ असेल म्हणून मऊ फडक्यानं पुसली. ओल लागली असेल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली. कधी चुलीपाशी बसून पाहिलं, कधी मागच्या दारात. नवल म्हणजे कधीकधी बोंडं गुणी लेकरासारखी चालायची. आत्ती वळलेल्या विड्या घालायला कारखान्यावर गेली की वर्ग संपेपर्यंत एक शब्द तुटायचा नाही. आत्ती परत आली की पुन्हा तीच तऱ्हा. आत्तीचा आणि बोंडांचा काही संबंध असेल हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? पावसाचा आणि पैंजणाचा संबंध कोण लावतं?

एकदा बोंडं कानात घालूनच ती पाण्याची घागर घेऊन सोप्यातून गेली. नागुबाईनं पाहिलं आणि बोलून गेली, “अगं बया, मेल्या माणसावानी कानात कापूस कशाला घातलाईस?”

बोलली आणि तिची तिलाच जीभ चावली. मालुबाईनं तिला कोपरानं ढोसलं. मनुबाईच्या हातातल्या पानाला कात्री वाकडी लागली. तिनं ते पान बाजूला टाकलं, दुसरं घेतलं.

मनुबाई एके काळी ओव्यांची खाण होती. विडी वळता वळता दोरा गुंडाळला जायचा तसा तिचा सूर शब्दांना वेढा घालायचा. लेक पहाटे टेम्पो घेऊन गेला की ती म्हणायची,

वाटंवरल्या बाभळी, नको वाट त्येची अडवू
तिन्हीसांजच्या आत, बाळ घरला पाठवू

सुगीपासून तिच्या तोंडून ओवी आली नव्हती. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मनुबाईचा गळा पोराबरूबर गेला.

हरिभाऊचा फोन दोन दिवसांआड यायचा. “सांगितलंस काय गं? न्हाईस? मग कवा सांगतीस, गाडी दारात उभी ऱ्हायल्यावर?” तो वाईट नव्हता. बहिणीनं आयुष्यभर विड्यांच्या धुरकट वासात बसू नये एवढंच त्याचं म्हणणं. कल्याणीचंही मन तिकडं ओढ घ्यायचं. फळ्यासमोर उभं राहायचं, पोरांची नावं पाठ करायची, कुणीतरी आपल्याला बाई म्हणायचं. पण सांगायला म्हणून सोप्यात आली की आत्तीची वाकलेली पाठ दिसायची आणि ती घागर उचलून मागं वळायची.

शेवटी वर्गातल्या मॅडमनी एकदा सगळ्यांदेखत सुनावलं, “टीचर, आधी तुमचा आवाज नीट करून घ्या.” त्याच दुपारी कल्याणी डबी घेऊन बाजारात गेली.

आशिषचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. नागेंद्रशी त्याची चांगली ऊठबस होती. त्यानं तिला स्टूल दिलं, पंखा तिच्याकडं वळवला, बोंडं उलटीपालटी करून पाहिली. तिच्याच फोनला जोडली, तिच्याच कानात दिली, गाणं लावलं. गाणं सरळ चाललं, कुठं अडखळलं नाही.

“काय झालंय ह्यांस्नी? ठणठणीत हायत की वैनी.”

“इथं चालतंय. घरात चालत न्हाई.”

“मग घरात भूत हाय म्हणायचं,” तो हसून बोलून गेला, आणि समोर कोण बसलंय हे लक्षात येताच त्याचा चेहरा पडला. घाईघाईनं कामाचं बोलायला लागला. “तसं न्हवं. हे कसं असतंय सांगू? ह्यांनी पहिल्यांदा ज्या फोनशी सोयरीक केली ती ह्यांच्या ध्यानात असती. तो फोन आसपास चालू असला की तुमचा हात सोडून तिकडं पळत्यात. तुमच्या घरात दुसरा कुठला फोन हाय काय, ब्लूटूथ चालू असलेला?”

“आत्तींचा हाय. साधा, बटणाचा.”

“त्यो न्हवं. आमच्या नागूचा…” तो थांबला. “नागू कधी ब्लूटूथ बंद करायचा न्हाई. डायव्हर लोकांचं तसंच असतंय.”

“तो ट्रंकेत हाय. त्यांच्या कपड्यांत. आत्तींनीच ठेवला. कधीच बंद पडला असणार.”

 आशिष बोंडांच्या डबीवर बोट ठेवून म्हणाला, “हे बारीक बटण दिसतंय? दिवा तांबडा होस्तवर दाबून धरलं की मागचं सगळं विसरत्यात. मग फक्त तुमची. करू काय आत्ता?”

कल्याणीनं डबी त्याच्या हातातून घेतली. इतकी चटकन की तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

“नको. घरी बघतो.”

“बरं. तोवर ही वायरवाली न्या,” म्हणत त्यानं फळीवरची एक वायर काढून तिला दिली. “हिला कुणाची आठवण येत न्हाई.”

घरी आली तेव्हा सोप्यात आत्ती एकटीच होती. उन्हं उतरणीला लागलेली, सुपातल्या तंबाखूवर त्यांचा पिवळा पट्टा. कल्याणी आत गेली, खोलीच्या कोपऱ्यातली ट्रंक उघडली. नागेंद्रचे शर्ट होते. त्याची टोपी होती. फोन नव्हता.

ती दाराच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली आणि डबी उघडली.

आत्तीचा डावा हात कमरेला गेला. कमरेला तिची कापडी पिशवी असायची. पान, सुपारी, घराची किल्ली, असलं काहीबाही ठेवायची. त्या पिशवीवर तिनं हात ठेवला आणि ती हसली. एवढंसं, ओठांच्या एका कडेला. सुगीपासून हे हसू ह्या घरानं पाहिलं नव्हतं.

कल्याणीनं डबी मिटली. हात पुन्हा पानाकडं गेला. थोडं थांबून तिनं डबी पुन्हा उघडली. हात पुन्हा पिशवीवर. ह्या खेपेला आत्ती पुटपुटली, “व्हय रं, व्हय. हाय मी हितंच.”

 कल्याणी आत्तीच्या शेजारी जमिनीवरच बसली.

“आत्ती, पिशवीत काय हाय?”

मनुबाईनं आधी पदर पिशवीवर ओढला. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी तिची मान खाली गेली. मग हळूच पिशवीचं तोंड सैल करून तिनं नागेंद्रचा फोन बाहेर काढला. त्याची काच लख्ख पुसलेली होती.

“तुला दिसला तर तुझा जीव जळंल म्हणून सांगितलं न्हाई. नागुबाईच्यात चार्जिंगला लावतो रोज. रागावू नगं पोरी. मला बंद करता येत न्हाई त्यो. शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“त्येलाच.”

आणि मग मनुबाईनं सांगितलं. रक्षाविसर्जनाच्या दिवशी वेदगंगेच्या काठावर राखेपाशी त्याच्या आवडीचं ताट वाढून ठेवलं होतं. कल्याणी तेव्हा बायांच्या घोळक्यात, भान हरपून बसलेली, तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. कावळे झाडावर होते, ताटाला शिवत नव्हते. लोक एकेक बोलून बघत होते. कुणी म्हणालं, टेम्पो विकणार न्हाई रं. कुणी म्हणालं, आईला सांभाळू रं. कावळा हलेना. ऊन चढलं. चुलत्याच्या खिशात नागेंद्रचा फोन होता, तो वाजला. बाजारातल्या कुण्या गिऱ्हाइकाचा असेल. मनुबाईनं तो आवाज ऐकला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “बाळा, तुझा फोन मी बंद पडू देत न्हाई.” आणि कावळा उतरला. पहिली चोच भातात मारली.

“समद्यांनी बघितलं,” मनुबाई म्हणाली. “मग मी कसा बंद करू?”

“आणि आत्ता तुम्ही हसला, ते?”

मनुबाईनं इकडं तिकडं पाहिलं. आवाज बारीक केला. “तू म्हणशील म्हातारी खुळी झाली. आधी फोन यायचं. मग रिचार्ज सरलं, मुका झाला. पर सकाळच्या पारी हलतोय गं. ह्या हितं, कमरेशी. थरथरतोय बघ. कुणाचा फोन न्हाई, काय न्हाई, नुसता हलतोय. त्यो पोटात व्हता न्हवं, तवा पयल्यांदा हलला तसा. अगदी तसा.”

आणि सुगीपासून मिटलेला तो गळा उघडला. गाणं म्हणावं असा सूर नव्हता तो. कुशीतल्या लेकराला झोप लागेपर्यंत आई जेवढा आवाज काढते तेवढाच.

हाक न्हाई, बोल न्हाई, कमरंला हालं पाखरू
पाचव्या म्हैन्याचं जनू, पोटात फिरं लेकरू

कल्याणीच्या मुठीत डबी होती. मूठ पदराखाली होती.  बोंडं जुन्या फोनला सापडली की तो एकदा थरथरायचा, एवढंच होतं ते. रोज सकाळी, वर्गाच्या वेळी, तिच्याच बोटांनी. सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि आत्तीच्या ओठांच्या कडेला उरलेलं ते हसू पाहून मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गासाठी वायर आली. मॅडम खूश झाल्या. बोंडांचं काम उरलं नव्हतं, तरी चहाचं आधण ठेवलं की कल्याणी खोलीच्या दाराशी यायची आणि डबी उघडायची. आधी जे चुकून व्हायचं ते आता ती करत होती. देवापुढं दिवा लावतात तसं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण दिवा लावणाऱ्याला आपण लावला हे लपवावं लागत नाही.

आत्ती पालटली. दोन घास जास्ती जेवायला लागली. नागुबाईला उलट उत्तरं द्यायला लागली. “तुझ्या विड्या बघ, बाळंतिणीसारख्या सुजल्यात,” असं मालुबाईला म्हणाली तेव्हा सगळा सोपा हसला, आणि आतमध्ये कल्याणीनं डोळ्यांना पदर लावला.

एका रविवारी आत्ती फार उदास वाटली म्हणून तिनं डबी दुपारीही उघडली. तिथं चूक झाली.

“आज दोनदा हलला,” आत्ती नागुबाईला सांगत होती. “काय मागत असंल?”

“खायला मागत असंल. शेंगांची पोळी लई आवडायची त्येला.”

संध्याकाळी शेंगांच्या पोळ्या झाल्या. फोटोपुढं ताट ठेवलं गेलं. आत्ती पिशवीवर हात ठेवून वाट बघत बसली आणि स्वयंपाकघरात कल्याणीला डबी उघडावीच लागली. फोन हलला. “पोचली,” आत्ती म्हणाली. त्यानंतर ती त्याला बारीकसारीक विचारायला लागली. आज लुगडं कुठलं नेसू? कारखान्यावर आज जाऊ का उद्या? हलला तर व्हय, न्हाई हलला तर न्हवं. कल्याणी भिंतीआड उभी राहून ऐकायची आणि जमेल तसं उत्तर द्यायची. मेलेल्या नवऱ्याच्या तोंडी शब्द घालायचे. कधी त्याला आवडेल ते, कधी आत्तीला सोयीचं ते. एकदा तिला वाटलं, आपण त्याला पुन्हा कामाला जुंपलाय. गेला तरी ह्या घरात सुट्टी नाही त्याला.

मग हरिभाऊचा फोन आला, आयतवारी गाडी घेऊन येतो म्हणून. ती मागच्या दारात जाऊन हळू बोलली, “ये दादा, मी तोवर सांगतो त्यांना.” पण गल्लीतून जाणाऱ्या मालुबाईच्या कानावर शब्द पडायचे ते पडलेच.

दुपारी सोप्यात नेहमीची कुजबूज नव्हती. नागुबाई आणि मालुबाई सुपं उचलून लवकर निघून गेल्या. जाताना मालुबाईनं आतल्या दाराकडं एकदा पाहिलं, मनुबाईकडं एकदा. कल्याणी भांडी घासून हात पुसत होती. तिला वाटलं, आता सांगावं. आता सोप्यात कुणी नाही. डबी सवयीनं हातात आली होती. ती दारापर्यंत गेली आणि थबकली.

मनुबाईनं फोन पिशवीतून काढून सुपातल्या तंबाखूवर ठेवला होता. जत्रेत नवस बोलताना असतात तसे दोन्ही हात त्याच्यापुढं जोडलेले.

“नागू,” ती म्हणाली, “एक इचारतो. मालू म्हणती कल्याणी चालली. मी तिला इचारणार न्हाई. तिनं व्हय म्हटलं तर मी काय करू? तूच सांग बाबा. ती हितंच ऱ्हाईल न्हवं? ऱ्हाणार असंल तर हल.”

गल्लीत कुणाच्या तरी नळाचं पाणी घागरीत पडत होतं. घागर भरत आली की आवाज चढतो, तसा तो चढत होता.

कल्याणीचा अंगठा डबीच्या झाकणावर होता. नुसतं उचलायचं होतं. फोन थरथरला असता, आत्ती हसली असती, तिनं सूप पुढं ओढलं असतं. आणि आयतवारी गाडी आली असती. मग आत्तीनं कुणाला खोटं म्हटलं असतं? जी गेली तिला नव्हे. ज्यानं राहील म्हणून सांगितलं, त्याला.

तिनं झाकण उचललं नाही.

“हल की,” मनुबाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, “हल की रं बाळा. एकदा.”

फोन तंबाखूवर निपचित पडून होता. मनुबाईनं तो उचलला, कानाशी धरला, हातावर धरून पाहिला, तापलेलं कपाळ बघावं तसा गालाला लावला. मग पोटाशी घेतला आणि त्याच्यावर वाकून बसली. तिची पाठ हलत होती, पण आवाज नव्हता.

कल्याणी जाऊन तिच्यासमोर बसली. पदराखालची मूठ तिनं बाहेर काढली आणि डबी सुपात ठेवली. आत्तीनं वर पाहिलं.

कल्याणीनं झाकण उघडलं.

आत्तीच्या पोटाशी फोन थरथरला.

आत्तीला आधी कळलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, त्यातच ते हसू यायला लागलं. मग तिची नजर डबीवर गेली. डबीतल्या बारीक दिव्यावर गेली. कल्याणीनं झाकण मिटलं, परत उघडलं. फोन परत थरथरला. ती हे सगळं करत होती आणि आपण काहीतरी फोडतोय, कधी न जोडणारं, असं तिला वाटत होतं. आत्तीनं हात पुढं केला. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं. तिनं स्वतः झाकण मिटलं. स्वतः उघडलं. पोटाशी थरथर झाली.

विडी वळताना तिची बोटं न बघता चालायची. ह्या एवढ्याशा झाकणावर मात्र ती कितीतरी वेळ अडकून राहिली.

“तू हुतीस,” ती म्हणाली.

“व्हय आत्ती.”

“पयल्यापास्नं?”

“पहिलं मला ठावं नव्हतं. वर्गासाठी उघडत होतो. तुम्ही सांगितल्यावर कळलं. मग… मग मुद्दाम.”

“शेंगाची पोळी?”

“व्हय.”

मनुबाईनं मान हलवली. रागाची नव्हती, कसलीच नव्हती. बाजारात हरवलेली वस्तू नाहीच मिळायची असं कुणी सांगितल्यावर माणूस हलवतं, तशी. मग तिनं कल्याणीकडं सरळ पाहिलं.

“मग मघाशी का न्हाई हलवलास?”

 गल्लीतल्या घागरी भरून गेल्या होत्या, नळाचा आवाज थांबला होता.

“तेंच्या तोंडून खोटं कसं वदवू, आत्ती?” कल्याणी म्हणाली. “मी चाललोय. बेळगावला. शाळेत लागलोय. आयतवारी दादा येणार हाय.”

एवढ्या दिवसांत जे सांगता आलं नव्हतं ते एका दमात निघालं आणि निघाल्यावर केवढंसं होतं!  मनुबाईनं सुपातली पानं एकावर एक लावली, कडा जुळवल्या, परत विस्कटल्या.

“शाळेत,” ती म्हणाली. “मास्तरीण.”

“व्हय.”

“बरं हाय.” तिनं सूप बाजूला सारलं. “नागूला आवडलं असतं,” असं म्हणाली आणि लगेच स्वतःच म्हणाली, “का कुणास ठावं. आता त्येला काय आवडतं त्ये कुणाला इचारू?”

कल्याणी रडायला लागली. मनुबाईनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही. पोटाशी धरलेला फोन तिनं पुढं केला.

“ह्यो बंद कसा करत्यात, दाव.”

“आत्ती, नको. तुम्ही शब्द दिलाय.”

“त्येनं उत्तर दिलं न्हाई कवा, तर मी दिलेला शब्द कुणाकडं पोचला?” तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. “दाव म्हणतो न्हवं!”

कल्याणीनं तिचं बोट धरलं. फोनच्या कडेला असलेल्या बटणावर नेऊन ठेवलं. “हे दाबून धरायचं. मग काचेवर गोल येईल, त्याला बोट लावायचं.”

मनुबाईनं दाबून धरलं. काच उजळली. नागेंद्रनं लावलेलं चित्र आलं, टेम्पोपाशी उभी राहिलेली मनुबाई, नव्या टेम्पोच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं, कपाळाला हात लावून उन्हात डोळे बारीक केलेली. त्या चित्रावर तो गोल आला. आपल्याच चेहऱ्यावर आलेल्या त्या गोलाकडं मनुबाई बघत राहिली. बोट काचेपासून केसभर अंतरावर थांबलं, तिथंच राहिलं. काच हळूहळू अंधारली. कल्याणीनं बटण पुन्हा दाबून दिलं. पुन्हा चित्र, पुन्हा गोल, पुन्हा ते बोट.

रस्त्यानं मालुबाई गेली. आत बघून पुढं सरकली.

मनुबाईनं बोट मागं घेतलं. फोन पदरानं पुसला, आणि कल्याणीच्या हातात दिला.

“चार्जिंगला लाव,” ती म्हणाली. “आज नगं.”